प्रोस्टेट कॅन्सरनंतर भरपाईची टक्केवारी घटते तेव्हा: अमेरिकी माजी सैनिकांसाठी अपिलाचे मार्गदर्शन

शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यशस्वी होतात, प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला पीएसएचा आकडा खाली येतो, घरातली माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि काही महिन्यांनी अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार विभागाचे, म्हणजे सगळे ज्याला व्हीए म्हणतात त्याचे, पत्र येते. कॅन्सर आता सक्रिय नसल्यामुळे अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरणारी १०० टक्के भरपाई कमी करून २० टक्के करण्याचा प्रस्ताव आहे, असे त्यात लिहिलेले असते. डिसेंबर २०२४पासून लागू झालेल्या दरांनुसार, कोणी अवलंबून नसलेल्या माजी सैनिकाला १०० टक्क्यांना महिन्याला ३,८३१ डॉलर मिळत होते आणि २० टक्क्यांना ३४७ डॉलर. आजार बरा झाल्याची बातमी घराच्या हिशेबात अशी उलटी उतरते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तिथल्या सैन्यदलांत नोकरी केलेली माणसे आता आहेत. काहींनी ग्रीन कार्डावर असतानाच भरती होऊन पुढे नागरिकत्व घेतले, तर काही घरांत मुलगी, जावई किंवा व्याही सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. भारतीय सैन्यदलांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम पूर्णपणे निराळे असून त्याचे वाद सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जातात. त्यामुळे इथले काहीही तिकडे लावू नये.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा प्रकरणांत बहुतेकांचा सगळा जोर १०० टक्के टिकवण्यावर खर्च होतो आणि तिथेच वेळ वाया जातो. उपचार संपले आणि कॅन्सर परतलेला नसेल, तर ते १०० टक्के नियमानेच जाणार असतात. खरी लढाई मागे राहिलेल्या त्रासांची नोंद नीट करून घेण्याची असते, आणि नेमके ते त्रास बोलायला पुरुष लाजतात.

पहिली पायरी: कॅन्सर लष्करी सेवेशी जोडलेला आहे का

टक्केवारीचा प्रश्न सेवासंबंध मान्य झाल्यानंतरच येतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या बाबतीत मोठा दिलासा असा आहे की अनेक माजी सैनिकांसाठी हा संबंध कायद्यानेच गृहीत धरला जातो. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज आणि तत्सम तणनाशकांच्या संपर्कामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत प्रोस्टेट कॅन्सर नोव्हेंबर १९९६मध्ये आला. ज्याने ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये पाऊल ठेवले, त्याला आपल्यावर फवारा उडाला होता हे सिद्ध करावे लागत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत असलेल्या जहाजांवरील नौसैनिकांना हाच लाभ २०१९च्या कायद्याने दिला आणि तो १ जानेवारी २०२०पासून लागू झाला. कोरियातील निर्लष्करी पट्ट्यालगत १ सप्टेंबर १९६७ ते ३१ ऑगस्ट १९७१ या काळात सेवा केलेलेही यात येतात.

विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्या सैनिकांसाठीच्या, १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेल्या पॅक्ट कायद्याने ही यादी आणखी रुंदावली. थायलंडमधील लष्करी तळांवर ९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६ या काळात असलेले आणि गुआम किंवा अमेरिकन सामोआ येथे जुलै १९८०अखेरपर्यंत असलेले सैनिक त्यात आले. शिवाय आखाती युद्धापासून पुढच्या मोहिमांत उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्यांसाठी कोणत्याही प्रकारचा प्रजननसंस्थेचा कॅन्सर गृहीत आजारांत धरला गेला. प्रोस्टेटचा कॅन्सर त्यातच मोडतो. अमेरिकी सैन्यात अलीकडच्या दशकांत गेलेल्या मराठी मंडळींना इराक, कुवेत किंवा अफगाणिस्तानातील नेमणुकीमुळे हीच तरतूद बहुधा लागू पडेल.

इथे दावा फेटाळला गेला असेल, तर कारण साधारणपणे दोनांपैकी एक असते. एक तर तुम्ही त्या ठिकाणी होता हे व्हीएला दिसले नाही, किंवा निदान पुरेसे सिद्ध झाले नाही. पहिल्यासाठी सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा दाखला, बदलीचे हुकूम, पदकांची नोंद, नौसैनिकांसाठी जहाजाची दैनंदिनी आणि सोबतच्या जवानांची लेखी निवेदने उपयोगी पडतात. दुसऱ्यासाठी बायोप्सीचा पॅथॉलॉजी अहवाल जोडावा, कारण पीएसए वाढला असल्याची नुसती नोंद म्हणजे निदान नव्हे. ज्यांची सेवा यांपैकी कोणत्याही काळात किंवा प्रदेशात बसत नाही, त्यांना डॉक्टरचे कारणमीमांसेसह मत लागते. 'किमान पन्नास टक्के शक्यता आहे' या अर्थाचे इंग्रजी वाक्य त्यात असले, तरी पुढे 'कारण' हा शब्द नसेल तर त्या मताला फारसे वजन मिळत नाही. अण्वस्त्र चाचण्यांच्या किरणोत्साराच्या संपर्कातील सैनिकांसाठी वेगळी पद्धत आहे, त्यात मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेचा अंदाज काढला जातो.

शंभर टक्के कधीपर्यंत

मूत्र आणि जननसंस्थेच्या घातक गाठींसाठी व्हीएच्या मूल्यांकन सूचीत ७५२८ हा क्रमांक आहे. कॅन्सर सक्रिय असेपर्यंत १०० टक्के, आणि शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी किंवा अन्य उपचार थांबल्यानंतरही ते चालू राहतात. उपचार थांबून सहा महिने झाले की सक्तीची तपासणी होते. तीत कॅन्सरचा स्थानिक पुनरुद्भव किंवा अन्यत्र प्रसार आढळला नाही, तर पुढचे मूल्यांकन फक्त उरलेल्या त्रासांवर होते: लघवीचे दोष किंवा मूत्रपिंडाचे दोष, यांपैकी जे प्रबळ असेल ते.

या वाक्यातले 'उपचार थांबल्यानंतर' हे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली पण संप्रेरकांची इंजेक्शने ऑक्टोबरपर्यंत चालू होती, तर सहा महिने मार्चपासून मोजणे चूक आहे. ही इंजेक्शने कॅन्सरवरचा उपचार म्हणून दिली जात आहेत, हे कर्करोगतज्ज्ञाच्या पत्रात स्पष्ट असावे, कारण औषधांच्या यादीतल्या नुसत्या नावावरून मूल्यांकन करणाऱ्याला तो उद्देश उमगेलच असे नाही. तसेच ज्यांच्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि बायोप्सी करत लक्ष ठेवण्याचा मार्ग घेतला आहे, त्यांचा कॅन्सर शरीरात आहेच. त्यांची टक्केवारी 'उपचार नाहीत' या कारणाने कमी होत असेल, तर त्या निर्णयाला जरूर आव्हान द्यावे. शस्त्रक्रियेनंतर शून्याच्या जवळ गेलेला पीएसए पुन्हा चढू लागला असेल, तर तो पुनरुद्भव आहे की नाही याबद्दल डॉक्टरांकडून एका ओळीत स्पष्ट मत घ्यावे.

शंभर टक्के चालू असतानाच आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. कॅन्सर सोडून इतर सेवासंबंधित आजारांची एकत्रित टक्केवारी ६० किंवा जास्त होत असेल, तर १०० टक्क्यांच्या वर आणखी एक विशेष मासिक दर मिळतो. कागदपत्रांत तो एसएमसी-एस या नावाने येतो. उदाहरणार्थ, मानसिक आघातोत्तर विकारासाठी ५० आणि मधुमेहासाठी २० टक्के असले, तर व्हीएच्या गणिताने ते ६० भरतात. दुसरी गोष्ट लैंगिक अक्षमतेची, तिच्याकडे पुढे येतो.

उरलेले त्रास आणि त्यांचे मोजमाप

हा भाग सावकाश वाचावा, कारण सगळे पैसे इथेच ठरतात.

लघवीच्या त्रासाचे तीन प्रकार नियमांत आहेत: गळती, वारंवारिता आणि अडथळा. गळतीसाठी दिवसातून दोनपेक्षा कमी वेळा पॅड बदलावा लागत असेल तर २० टक्के, दोन ते चार वेळा असेल तर ४०, आणि चारपेक्षा जास्त वेळा असेल किंवा लघवी गोळा करणारे बाह्य साधन वापरावे लागत असेल तर ६०. वारंवारितेसाठी दिवसा दोन ते तीन तासांनी जावे लागणे किंवा रात्री दोनदा उठणे याला १० टक्के, एक ते दोन तासांनी किंवा रात्री तीन-चार वेळा असेल तर २०, आणि तासाभराच्या आत किंवा रात्री पाच व अधिक वेळा असेल तर ४०. अडथळ्यामुळे मधूनमधून किंवा सतत नळी घालावी लागत असेल, तर ३० टक्के.

या तिन्हींची बेरीज होत नाही. एकाच त्रासाची दोनदा भरपाई द्यायची नाही या तत्त्वाने, ज्यातून सर्वांत जास्त टक्केवारी येते तो एकच प्रकार धरला जातो. त्यामुळे दिवसाला तीन पॅड लागणाऱ्या आणि रात्री पाचदा उठणाऱ्या माणसाला ८० नव्हे, ४०च मिळतात. पण यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. गळती थोडी असली तरी रात्रीचे उठणे खूप असेल, तर वारंवारितेच्या तक्त्याने मूल्यांकन व्हायला हवे. निर्णयपत्रात कोणता तक्ता लावला आहे हे पाहणे, हे वाचनाचे पहिले काम.

नियमातला शब्द 'बदलावे लागतात' असा आहे. आपल्याकडे काटकसरीची सवय इतकी मुरलेली असते की माणूस एकच जाड पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओला होऊनही चालवतो, बाहेर जायचे असले की पाणी पिणे सोडतो आणि तपासणाऱ्याने विचारले की 'एखादा लागतो' असे सांगून मोकळा होतो. कागदावर त्याचे २० टक्के लिहिले जातात. खोटे मुळीच सांगू नये. पण कोरडे राहण्यासाठी खरोखर किती वेळा बदलावे लागतील, पाणी का कमी पितो, प्रवास का टाळतो, हेही खरेच आहे आणि तेही सांगायला हवे.

लघवीच्या त्रासाखेरीज बाकीच्या गोष्टींचे मूल्यांकन स्वतंत्र होते, आणि त्या बहुतेक वेळा मागितल्याच जात नाहीत. ताठरता न येण्यासाठी सध्याच्या सूचीत बहुधा ० टक्केच लिहिले जातात, पण त्या शून्याने निराश होऊ नये. पुनरुत्पादक अवयवाचा उपयोग गमावल्याबद्दल एसएमसी-के नावाची वेगळी रक्कम मिळते. डिसेंबर २०२४च्या दराने ती महिन्याला १३६ डॉलर होती आणि ती कोणत्याही टक्केवारीच्या वर, अगदी १०० टक्क्यांच्याही वर मिळते. शस्त्रक्रियेनंतर ही अक्षमता अतिशय सामान्य असूनही केवळ संकोचामुळे कागदावर येत नाही आणि महिने निघून जातात.

किरणोपचारानंतर गुदाशयाला सूज येऊन रक्त जाणे किंवा शौचावरचा ताबा सुटणे, हे पचनसंस्थेच्या सूचीखाली वेगळे मोजले जाते. व्रण दुखत असेल, तर एक-दोन दुखऱ्या व्रणांसाठी १० टक्के वेगळे आहेत. आणि नैराश्य: कॅन्सरमुळे किंवा त्याच्या परिणामांमुळे आलेले असेल तर ते दुय्यम सेवासंबंधित आजार म्हणून जोडता येते, त्याला मानसोपचारतज्ज्ञाचे निदान आणि संबंधाचे मत लागते.

या टक्केवाऱ्यांची साधी बेरीज करू नये. ६० टक्के अक्षम माणूस ४० टक्के सक्षम उरतो, पुढचे ३० टक्के त्या उरलेल्या ४०मधून काढले जातात. म्हणून ६० आणि ३० मिळून ७२ होतात आणि जवळच्या दहाच्या पटीत आणून ७० धरले जातात.

कपातीचा प्रस्ताव आल्यावरचे साठ दिवस

भरपाईची रक्कम कमी होणार असेल, तर व्हीएला आधी प्रस्तावाचे पत्र पाठवावे लागते. त्या पत्राच्या तारखेपासून ६० दिवस पुरावा देण्यासाठी आणि ३० दिवस सुनावणी मागण्यासाठी असतात. ३० दिवसांच्या आत सुनावणी मागितली, तर ती होऊन अंतिम निर्णय होईपर्यंत जुनी रक्कम चालू राहते. तारीख पत्रावरची धरली जाते, पत्र तुमच्या हातात पडल्याची नव्हे. सुट्टीसाठी पुण्याला येऊन दोन महिने राहिलेल्या माणसाच्या पेटीत पत्र पडून राहते आणि मुदत संपते, म्हणून परगावी जाताना व्हीएच्या संकेतस्थळावरील खात्यात अधूनमधून डोकावण्याची सवय असावी.

या ६० दिवसांत घाईने रागाचे पत्र लिहिण्यापेक्षा तीन गोष्टी मिळवाव्यात. सहा महिन्यांच्या तपासणीचा पूर्ण अहवाल, उपचार नेमके कधी संपले याचे कर्करोगतज्ज्ञाचे पत्र आणि लघवीची रोजनिशी. प्रोस्टेट कॅन्सरसाठी व्हीएची स्वतंत्र प्रश्नावली आहे. डीबीक्यू म्हणून ओळखली जाणारी ही प्रश्नावली खासगी मूत्ररोगतज्ज्ञही भरू शकतात. तीत पॅडच्या संख्येसाठी चौकटी आहेत आणि त्या चौकटीतली खूण पुढे टक्केवारी बनते.

अंतिम निर्णय झाल्यावर, त्याच्या पत्राच्या तारखेपासून ६० दिवस ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कपात लागू होते. निर्णय यापेक्षा आधीच्या तारखेपासून लागू केलेला दिसला, तर तेवढा मुद्दाही अपिलात जिंकण्याजोगा आहे. एखादी टक्केवारी पाच किंवा अधिक वर्षे टिकलेली असेल, तर एकाच तपासणीवर ती खाली आणण्याला सर्वसाधारणपणे जास्त कडक अटी लागतात. ती २० वर्षे टिकलेली असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कमी करता येत नाही.

तीन वाटा, आणि कोणती केव्हा

१९ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेल्या पद्धतीत निर्णयाच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत तीनपैकी एक वाट निवडता येते. वर्षभरात योग्य ते पाऊल टाकत राहिलात, तर मूळ दाव्याची तारीख टिकते आणि जिंकल्यावर थकबाकी तिथपासून मिळते.

सप्लिमेंटल क्लेम, म्हणजे पूरक दावा, २०-०९९५ क्रमांकाच्या अर्जावर होतो. त्याला नवा आणि प्रकरणाशी संबंधित पुरावा लागतो. निर्णय चुकीचा वाटत असेल पण तुमच्या नोंदींत पॅडची संख्याच नसेल, तर ही वाट घ्यावी. रोजनिशी, नवी प्रश्नावली, पत्नीचे निवेदन, हे सर्व नवा पुरावा म्हणून चालते आणि व्हीएला पुरावा गोळा करण्यात मदत करण्याचे कर्तव्यही पुन्हा लागू होते.

हायर-लेव्हल रिव्ह्यू २०-०९९६ या अर्जावर मागायचा असतो. त्यात अधिक अनुभवी अधिकारी त्याच कागदांवरून पुन्हा पाहतो, नवा पुरावा घेत नाही. चूक कागदावर उघड दिसत असेल तेव्हा ही वाट सरस: अहवालात 'पाच पॅड' लिहिले आहे आणि निर्णयात ४० टक्के दिले आहेत, किंवा संप्रेरक उपचार चालू असताना सहा महिने मोजले आहेत. अर्जात अनौपचारिक फोन संभाषण मागता येते. ते जरूर मागावे आणि अहवालातील पान व ओळ हाताशी ठेवून दोन-तीनच मुद्दे बोलावेत. बोलण्यात नवा पुरावा सुरू केलात की अधिकारी तो ऐकू शकत नाही आणि वेळ वाया जातो.

बोर्ड अपील १०१८२ क्रमांकाच्या अर्जावर वॉशिंग्टनमधील बोर्डाकडे जाते, तिथे कायदेतज्ज्ञ न्यायाधीश निर्णय देतात. त्यातही तीन रांगा आहेत. थेट कागदांवरून निर्णय हवा असेल तर पहिली, ९० दिवसांत नवा पुरावा द्यायचा असेल तर दुसरी, आणि न्यायाधीशांसमोर सुनावणी हवी असेल तर तिसरी, तीत सुनावणीत आणि नंतरच्या ९० दिवसांत पुरावा देता येतो. सेवासंबंधाचा कायदेशीर वाद असेल, किंवा दोन्ही बाजूंची वैद्यकीय मते समोरासमोर उभी असतील, तर बोर्ड योग्य. पॅडच्या संख्येवरून बोर्डाकडे जाणे मला तरी लांबचा वळसा वाटतो.

बोर्डाने नाकारले, तर माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात १२० दिवसांच्या आत जाता येते. ही मुदत चुकवू नये. बोर्डानंतर नवा पुरावा हाती आला, तर एका वर्षाच्या आत सप्लिमेंटल क्लेम करण्याचा मार्गही खुला राहतो.

समजा, एका निवृत्त नौसैनिकाला कपातीनंतर २० टक्के मिळाले. फाइल काढून पाहिल्यावर तपासणी अहवालात 'रात्री चार-पाच वेळा उठतात' असे वाक्य आहे, पण वारंवारितेची चौकट कोरी आहे. त्याने आधी रिव्ह्यू मागितला तर अधिकारी कदाचित अहवाल अपुरा ठरवून परत पाठवेल. पण त्याने मूत्ररोगतज्ज्ञाकडून चौकट भरलेली प्रश्नावली आणि ३० दिवसांची रोजनिशी घेऊन सप्लिमेंटल क्लेम केला, तर निर्णयासाठी लागणारी गोष्टच पुढ्यात ठेवली. शिवाय त्या अहवालात ताठरतेविषयीचे उत्तर 'होय' असेल आणि एसएमसी-के दिलेले नसेल, तर तोही मुद्दा त्याच अर्जात लिहावा.

पुरावा तयार करणे

सुरुवात स्वतःची संपूर्ण फाइल मागवण्यापासून करावी. २०-१०२०६ हा अर्ज त्यासाठी आहे. ती शेकडो पानांची येते, पण तुम्हाला मुख्यतः निर्णयपत्र, तपासणी अहवाल आणि उपचारांची कालरेषा पाहायची असते. निर्णयपत्रात कोणत्या पुराव्याचा उल्लेख आहे आणि कोणत्याचा नाही, याची यादी एका कागदावर काढावी.

रोजनिशी साधी असावी. तारीख, पॅड किती वेळा बदलला, तो का बदलावा लागला, दिवसा किती अंतराने जावे लागले आणि रात्री किती वेळा उठलो, एवढे पुरे. ३० दिवस सलग लिहावे, चांगले दिवसही लिहावेत. सगळे दिवस सारखेच वाईट असलेली रोजनिशी वाचणाऱ्याला खरी वाटत नाही. पॅडच्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

घरच्यांच्या निवेदनासाठी २१-१०२१० हा अर्ज आहे. पत्नीने इथे वैद्यकीय मत देऊ नये, तिने जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे. रात्री न्हाणीघराचा दिवा किती वेळा लागतो, चादरी किती वेळा धुवाव्या लागतात, देवळात किंवा गणपतीच्या कार्यक्रमाला गेल्यावर ते कोणत्या कोपऱ्यात बसतात आणि का, लांबचा मोटार प्रवास कधीपासून बंद झाला. असा तपशील डॉक्टरच्या अहवालात कधीच नसतो. निवेदन इंग्रजीत द्यावे, पण शब्द तिचेच असावेत. मुलाने घासूनपुसून वकिली भाषा घातली की त्यातला जीव जातो.

व्हीएच्या तपासणीला बोलावले तर जावेच. न गेल्यास उपलब्ध कागदांवरून निर्णय होतो किंवा वाढीचा दावा सरळ फेटाळला जातो. तपासणारे डॉक्टर अनेकदा कंत्राटी असतात आणि तुमची फाइल त्यांनी पूर्ण वाचली असेलच असे नाही. रोजनिशीची प्रत सोबत न्यावी. 'कसे आहात?' या प्रश्नाला सवयीने 'बरं आहे' असे उत्तर देऊ नये, कारण ते शब्द जसेच्या तसे अहवालात उतरू शकतात. पत्नी सोबत असताना बोलायला अवघड वाटत असेल, तर तिला बाहेर थांबायला सांगावे, आणि ती गेल्यावर लैंगिक त्रासाचा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तरी स्वतःहून सांगावा. पुरावा दोन्ही बाजूंना समतोल असेल, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला द्यावा असा कायदाच आहे. पण त्यासाठी तराजूच्या तुमच्या पारड्यात काहीतरी असायला हवे.

काम करणे अशक्य झाले असेल तर

दर तासाला उठावे लागणाऱ्या माणसाला ट्रक चालवता येत नाही, कारखान्याच्या साखळीवर उभे राहता येत नाही. एकाच आजारासाठी ६० टक्के असतील, किंवा एकत्रित ७० आणि त्यांत एक किमान ४० असेल, आणि सेवासंबंधित आजारांमुळे उपजीविकेइतकी नोकरी टिकवता येत नसेल, तर १०० टक्क्यांच्या दराने भरपाई मिळू शकते. त्यासाठी २१-८९४० हा अर्ज आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. एकाच मूळ कारणातून आलेले आजार ही अट तपासताना एकच आजार धरले जातात. गळतीचे ४० आणि त्याच कॅन्सरमुळे आलेल्या नैराश्याचे ३० मिळून ५८, म्हणजे ६० होतात आणि दार उघडते. यात वयाचा विचार करायचा नसतो, त्यामुळे 'आता निवृत्तच आहात' हे कारण पुरेसे नाही.

मदत कोणाची घ्यावी

डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन यांसारख्या माजी सैनिकांच्या संस्थांचे व्हीएने मान्यता दिलेले प्रतिनिधी विनामूल्य काम करतात. वकील किंवा मान्यताप्राप्त एजंट पहिल्या दाव्यासाठी फी घेऊ शकत नाही. पहिला निर्णय झाल्यानंतरच्या अपिलासाठी घेऊ शकतो. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानली जाते आणि एक तृतीयांशापेक्षा जास्त फी अवाजवी. मान्यता नसताना 'तुमची टक्केवारी वाढवून देतो, पुढच्या काही महिन्यांची वाढ आम्हाला द्या' असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. व्हीएच्या संकेतस्थळावर नाव घालून मान्यता तपासता येते, ते दोन मिनिटांचे काम आहे.

भारतात राहणारे आणि मागे राहिलेले

निवृत्तीनंतर महाराष्ट्रात किंवा गोव्यात येऊन राहिलेल्या माजी सैनिकाची भरपाई देश सोडला म्हणून थांबत नाही. सेवासंबंधित आजाराच्या परदेशातील उपचारांसाठी फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम आहे. त्यात आधी नाव नोंदवावे आणि इथल्या रुग्णालयाची बिले, तपशीलवार आणि शक्यतो इंग्रजीत, जपून ठेवावीत. इथल्या मूत्ररोगतज्ज्ञाचा अहवालही पुरावा म्हणून चालतो, मात्र आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर पॅडची संख्या किंवा रात्रीचे उठणे बहुधा नसते. ते मुद्दाम लिहून मागावे लागते.

माजी सैनिकाचा मृत्यू झाला, तर जोडीदाराला डीआयसी ही स्वतंत्र मासिक रक्कम मिळू शकते. त्यासाठी सर्वसाधारणपणे सेवासंबंधित आजार मृत्यूचे मुख्य किंवा सहायक कारण असावा लागतो. कॅन्सर हाडांत किंवा यकृतात पसरून मृत्यू आला, तर मृत्यूच्या दाखल्यावर फक्त 'यकृत निकामी होणे' न राहता मूळ प्रोस्टेट कॅन्सर लिहिलेला आहे ना, हे दाखला हातात आल्याबरोबर पाहावे आणि नसल्यास प्रमाणित करणाऱ्या डॉक्टरांना दुरुस्तीची विनंती करावी. अर्ज २१पी-५३४ईझेड क्रमांकाचा आहे. आणि मृत्यूच्या वेळी अपील प्रलंबित असेल, तर ते आपोआप पुढे चालत नाही. जोडीदाराने मृत्यूच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत २१पी-०८४७ या अर्जाने त्यांच्या जागी उभे राहण्याची मागणी करावी लागते, म्हणजे त्यांनी सुरू केलेली रोजनिशी, अहवाल आणि दाव्याची मूळ तारीख कुटुंबाच्या उपयोगी पडते.